उतारावरची एटीव्ही: सस्पेन्शन बदलायचं, पण गाडी खिळखिळी होऊ द्यायची नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वेल्ह्याकडच्या डोंगरउतारावर आठ एकरांची आंब्याची बाग. दोन वर्षांपूर्वी घेतलेली जुनी फोर-व्हील ड्राइव्ह एटीव्ही (कच्च्या वाटांवर चालणारी, हँडलची छोटी चारचाकी), चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. मागच्या रॅकवर फवारणीची साठ लिटरची टाकी. गेल्या पावसाळ्यात उतारावरून आडवं जाताना वरच्या बाजूची दोन्ही चाकं उचलली गेली आणि चालवणारा मुलगा उडी मारून वाचला. आता विचारलंय की दोन इंचांचं लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच), ४५ मिमीचे स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या जाड चकत्या) आणि कडक स्प्रिंगा बसवल्या तर गाडी स्थिर होईल का, आणि वर ती टिकेल का.

मुलगा वाचला हे फार बरं झालं. आता उत्तर. लिफ्ट किट अजिबात नको. ४५ चे स्पेसर नकोत, २५ चे चालतील, पण तेही शेवटी. कडक स्प्रिंगांबद्दल जरा सविस्तर बोलावं लागेल. आणि गाडीला हात लावायच्या आधी ती टाकी खाली उतरवा. का, ते आकड्यांनीच सांगतो, कारण या विषयात अंदाजाने बोलणारे खूप आहेत आणि त्यांच्या अंदाजाची किंमत उतारावरचा माणूस मोजतो.

गाडी आडवी कधी पडते, याचा साधा हिशेब दोन मापांवर चालतो: डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांतलं अंतर आणि गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. अंतराचा अर्धा भाग भागिले उंची. जे उत्तर येईल तेवढा आडवा उतार ती गाडी कागदावर सोसते. तुमच्या गाडीसारखी गाडी धरू: वजन ३२० किलो, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५०० मिमीवर. चालवणारा ८० किलोचा, बसल्यावर त्याचा गुरुत्वमध्य साधारण एक मीटरवर. दोघांचा मिळून ६०० मिमीवर येतो. चाकांमधलं अंतर ९६० मिमी. म्हणजे ४८० भागिले ६००, बरोबर ०.८. ०.८ हा ज्या कोनाचा टॅन्जंट, तो कोन ३८.७ अंशांचा.

आता दोन इंच, म्हणजे ५० मिमी, लिफ्ट करा. उंची ६५०, कोन ३६.४ अंश. सव्वादोन अंश गेले.

लिफ्ट न करता रॅकवर भरलेली साठ लिटरची टाकी ठेवा, तिचा मध्य जमिनीपासून एक मीटरवर. एकत्रित उंची होते ६५२ मिमी. कोन पुन्हा ३६.४ अंश. म्हणजे ती टाकी हेच तुमचं लिफ्ट किट आहे, आणि ते तुम्ही दोन वर्षांपूर्वीच बसवलंय. त्यावर आणखी एक लिफ्ट किट चढवायचा विचार चाललाय.

२५ मिमीचे स्पेसर चारही चाकांना लावले तर अंतर १०१० होतं आणि मूळ उंचीवर कोन ४०.१ अंशांवर जातो. कमाई १.४ अंशांची. लिफ्ट आणि २५ चे स्पेसर दोन्ही केले तर ३७.८, म्हणजे कंपनीतून आली त्यापेक्षा गाडी कमीच स्थिर. बाजारात ही जोडी एकत्र विकली जाते. चिखलात, खोल चाकोऱ्यांत पोट टेकू नये म्हणून लिफ्ट करणाऱ्यांना तिचा उपयोग होत असेल. आडव्या उतारावर काम करणाऱ्याला ती घातक आहे.

हे सगळे कोन कागदावरचे. प्रत्यक्षात खालच्या बाजूचा टायर दबतो, त्याच बाजूचे शॉकअप बसतात, माणूस खाली सरकतो, आणि त्यात काही अंश जातात. शिवाय वरच्या बाजूचं चाक सहा इंचांच्या, म्हणजे १५० मिमीच्या गोट्यावर चढलं की ९६० मिमी रुंदीच्या गाडीत त्याचे जवळजवळ नऊ अंश होतात. त्याच वेळी खालचं चाक खड्ड्यात गेलं तर विचारायलाच नको. वीस अंशांचा उतार रोजचा वाटत असला तरी गोटा, दबलेला टायर आणि हिंदकळणारी टाकी एकत्र आली की शिल्लक काही राहत नाही. तुमच्याकडे बहुतेक हेच झालं असावं.

ऑस्ट्रेलियात शेतावर एटीव्हीखाली सापडून माणसं दगावतात म्हणून तिथे याचा नियमच झाला. ११ ऑक्टोबर २०२१ पासून तिथे विकायच्या शेतकामाच्या नव्या गाडीने आडव्या झुकावाच्या चाचणीत किमान ०.५५, म्हणजे २८.८१ अंश गाठावेच लागतात, आणि चालकाला चिरडण्यापासून वाचवणारी चौकट गाडीला असावी लागते. तुमच्या गाडीला तशी चौकट मिळाली तर स्पेसरच्या आधी ती घ्या. उडी मारायला प्रत्येक वेळी वेळ मिळत नाही.

टाकीचं काय करायचं? सर्वांत चांगलं म्हणजे छोटी दोनचाकी ट्रॉली करून तीवर टाकी बसवणं. ट्रॉलीची रुंदी गाडीएवढी किंवा थोडी जास्त, टाकी ॲक्सलच्या शक्य तितकी जवळ आणि खाली. ट्रॉली ओढायच्या वजनाची मर्यादा गाडीवरच्या पाटीवर लिहिलेली असते, ती पाळायची. ट्रॉली जमणार नसेल तर रॅकवरच्या अँगलच्या स्टँडचे पाय कापा. मी पाहिलेल्या बहुतेक टाक्या विनाकारण सहा-सहा इंच उंच स्टँडवर असतात, कारण खालून कॉक उघडायला हात जावा लागतो. कॉक बाजूला घ्या. टाकी १५० मिमी खाली आली की जवळजवळ एक अंश परत मिळतो, तोही वेल्डरच्या अर्ध्या तासाच्या मजुरीत. आणि आतमध्ये आडपडदे नसतील तर ती टाकी बदला. अर्धी रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट वागते, कारण गाडी झुकते त्याच क्षणी सगळं पाणी खालच्या कडेला धावतं.

आता सस्पेन्शन. इथे माझा अनुभव ठाम आहे: "गाडी अस्थिर वाटते" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांना काहीही नवं लागत नाही, जुनं दुरुस्त करावं लागतं. गाडी जॅकवर घ्या, चाकाला वर-खाली आणि आडवं धरून हलवा. खट् आवाज आला तर तो कुठून येतो ते शोधा. बॉल जॉइंट, टाय रॉडचं टोक, चाकाचं बेअरिंग, आर्मचे, म्हणजे चाक चासीला धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे, बुश. आपल्याकडच्या लाल मातीत आर्मचे प्लॅस्टिकचे बुश आधी जातात. पावसाळ्यात मातीचं पाणी आत शिरतं, दिवाळीनंतर ते वाळून पॉलिश पेपरसारखं काम करतं. चारही आर्मच्या बुशांना अर्धा-अर्धा मिमी प्ले, म्हणजे सैलपणा, असला तर चाकाच्या टोकाशी तो कित्येक मिमी होतो, आणि उतारावर गाडी आपोआप खाली सरकल्यासारखी वाटते. लेथवाल्याकडून पितळी बुश करून घ्यायचा मोह आवरा. ग्रीस नियमित पडलं नाही तर पितळ आतली स्लीव्ह खातं, आणि मग आर्मच बदलावी लागते. चांगल्या प्रतीचे प्लॅस्टिकचे बुश, कडक स्टीलची स्लीव्ह, आणि आर्मला ग्रीस निपल. दर धुण्यानंतर ग्रीस पंप, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. सस्पेन्शन टिकवण्यासाठी याहून स्वस्त आणि परिणामकारक काम मला माहीत नाही.

शॉकअपचं तेच. रॉडवर गंजाचे खड्डे दिसतात का, तेल गळतंय का, स्प्रिंग काढून रॉड हाताने दाबला तर सगळीकडे सारखा विरोध आहे का, की मध्येच रिकामा वाटतो? दोन बाजूंचे शॉकअप वेगवेगळे वागत असतील तर गाडी एका बाजूच्या उतारावर ठीक आणि परत येताना भीतीदायक वाटते. पुन्हा उघडून तेल-सील बदलता येणारे शॉकअप असतील तर मागच्या दोन्हींचं काम एकदमच करा, एकाचं कधीच नाही.

आणि टायरची हवा. १९७० मध्ये होंडाने अमेरिकेत जी तीनचाकी विकायला काढली तिला सस्पेन्शनच नव्हतं, फुगीर टायर हेच तिचं सस्पेन्शन. (त्या तीनचाक्या पुढे उलटण्याच्या अपघातांमुळे १९८८ मध्ये तिथे बंद झाल्या, पण टायरबद्दलचं सत्य तसंच राहिलं.) या टायरांत साधारण पाच पीएसआय हवा असते, तुमच्या गाडीचा नेमका आकडा पाटीवर असेल. पंक्चरवाल्याचा गेज शंभरापर्यंत जातो, त्याला पाच आणि सात यांतला फरक दिसतच नाही. शून्य ते पंधराचा कमी दाबाचा गेज विकत घ्या. डावीकडे चार आणि उजवीकडे सात असेल तर बाकीची सगळी मेहनत वाया. आणखी एक: ट्रॅक्टरच्या टायरांत पाणी भरतात तसं यातही भरा, असा सल्ला कुणीतरी देईलच. नांगराला पकड मिळावी म्हणून ट्रॅक्टरमध्ये ते ठीक आहे. एटीव्हीत ते वजन शॉकअपच्या खाली, चाकातच येतं, आणि प्रत्येक गोट्यावर त्याचा मार बॉल जॉइंट आणि बेअरिंगवर बसतो.

एवढं झाल्यावर स्प्रिंग. कडक स्प्रिंग म्हणजे स्थिर गाडी ही समजूत रस्त्यावरच्या कारवरून आली आहे. उतारावर कडक स्प्रिंगचा एक फायदा खरा आहे: खालची बाजू कमी बसते. पण वरचं चाक गोट्यावर चढल्यावर मऊ सस्पेन्शन चाकाला एकट्याला वर जाऊ देतं, कडक सस्पेन्शन सगळी गाडीच उचलतं. वर जे नऊ अंश म्हटले ते कडक गाडीत जवळजवळ पूर्ण वसूल होतात, मऊ गाडीत बरेच कमी. शिवाय जो मार स्प्रिंगने गिळायचा तो शॉकअप जिथे चासीला बसतो त्या वरच्या कानांवर आणि चासीवर जातो. त्या कानांच्या मुळाशी केसासारखी तडा दिसली तर समजावं की स्प्रिंग भारापेक्षा कडक आहे किंवा शॉकअप तळाला आदळतोय.

म्हणून स्प्रिंग मापून ठरवा. मागचं चाक पूर्ण लोंबकळत असताना ॲक्सलच्या मध्यापासून चासीवरच्या एका खुणेपर्यंत माप घ्या. मग गाडी खाली सोडा, दोनदा दाबून हलवा, चालवणाऱ्याला नेहमीच्या कपड्यांत, नेहमीच्या सामानासह बसवा, पुन्हा मापा. फरक हा चाकाच्या एकूण वर-खाली चालीच्या साधारण एक-तृतीयांश असावा. २४० मिमी चाल असेल तर ८० मिमी. जास्त बसत असेल तर शॉकअपवरची रिंग फिरवून प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा दाब, वाढवा. एक लक्षात असू द्या, प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त उंच उभी राहते. पूर्ण रिंग आवळूनही गाडी बसलेलीच राहत असेल, तेव्हाच एक पायरी जास्त ताकदीची स्प्रिंग घ्यायची. रोज भार वेगवेगळा असेल तर दोन टप्प्यांची स्प्रिंग बरी: सुरुवातीला मऊ, खोल गेल्यावर कडक. आणि शेवटच्या ३०-४० मिमीसाठी फोमसारखे नरम बंप स्टॉप नवे घाला. जुने दगडासारखे झालेले असतात. किरकोळ किमतीच्या वस्तूसाठी चासीचे कान तुटताना मी पाहिलेत.

रिबाउंडचा, म्हणजे दाबलेला शॉकअप किती वेगाने परत येतो ते ठरवणारा, स्क्रू असेल तर मधल्या जागेवरून सुरुवात करा. फार सैल ठेवला तर गाडी गोट्यावरून उतरताना मागून उसळते आणि माणसाला पुढे फेकते. फार घट्ट केला तर लागोपाठच्या खड्ड्यांत शॉकअप वर यायच्या आत पुन्हा दाबला जातो, गाडी हळूहळू बसत जाते, आणि शेवटी तळाला आदळते. बागेत गती कमी असते, त्यामुळे दुसरी चूक जास्त दिसते. दोन्हीकडे क्लिक मोजून सारखेच ठेवा.

मागच्या आर्मना जोडणारा अँटी-रोल बार तुमच्या गाडीत असेल तर तो काढून टाकू नका, त्याच्या लिंकचे रबर बदला. जाड बार घालायचा असेल तर अगदी थोडा जाड, कारण तो एका बाजूचा धक्का दुसऱ्या बाजूला पोचवतोच. त्याची लिंक मुद्दाम कमकुवत राहू द्या. यामागचं तत्त्व मला या सगळ्या उत्तरात सर्वांत महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

सस्पेन्शन ही साखळी आहे: टायर, रिम, स्टड, बेअरिंग, नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो भाग), बॉल जॉइंट, आर्म, आर्मचे कान, चासी. कंपनी ती अशी बांधते की तुटलंच तर स्वस्त आणि बदलता येणारी कडी आधी तुटावी. तुम्ही एक कडी जाड केलीत की तुटणं थांबत नाही, ते पुढच्या कडीवर सरकतं. आर्मला जाड पट्ट्या मारून घेतलेली एक गाडी माझ्याकडे आली होती. आर्म शाबूत होती. चासीचा खालचा कान नळीसकट फाटून बाहेर आला होता. आर्म वाकली असती तर नवी आर्म बसवून ती गाडी आठवड्यात कामाला लागली असती. चासी फाटली म्हणून गाडी उघडून नागडी करावी लागली. तेव्हा मजबुती द्यायची तर चासीच्या बाजूने सुरुवात करून बाहेरच्या बाजूला कमी-कमी करत यायचं. कानांच्या मुळाशी तीन मिमी पत्र्याचे छोटे गसेट (आधाराच्या पट्ट्या), त्यांची वेल्डिंग नळीच्या लांबीच्या दिशेने. नळीभोवती गोल वेल्डिंग फिरवलं की तिथेच ती पुढे तुटते. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि ईसीयूचा (इंजिनच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाचा) कनेक्टर काढा. पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचाही.

आता स्पेसर. स्पेसर चाक बाहेर नेतो, पण बेअरिंग जिथल्या तिथे राहतं. एका चाकावर साधारण १०० किलो भार, खड्ड्यात आदळताना त्याच्या तिप्पट धरा. २५ मिमीच्या स्पेसरने बेअरिंगवर जास्तीचा सुमारे ७४ न्यूटन-मीटरचा पीळ येतो, ४५ च्या स्पेसरने १३२. सुरुवातीच्या काळात मी स्वतः कोकणातल्या एका बागेच्या गाडीला ४५ चे बसवले होते. उतारावर ती फार छान चालली. एका पावसाळ्यात मागची दोन्ही बेअरिंग गेली, आणि त्यातलं एक फिरत-फिरत नकलचं भोक मोठं करून गेलं, म्हणजे नकलही गेली. ती नकल मी माझ्या खर्चाने बदलून दिली आणि तेव्हापासून ३० च्या वर गेलो नाही.

पुढच्या चाकांना स्पेसर लावले की आणखी एक गोष्ट होते. गोटा लागल्यावर हँडल हातातून हिसकलं जातं, कारण चाक वळण्याच्या अक्षापासून दूर गेलेलं असतं. त्याचा मार टाय रॉडच्या टोकांवर बसतो. म्हणून मी आधी फक्त मागे लावतो, आठवडाभर चालवून बघतो, मग पुढे. मात्र ज्यांच्या गाडीला मागे सरळ एकसंध ॲक्सल आहे, डिफरन्शियल नाही, त्यांनी फक्त मागची रुंदी वाढवू नये, कारण मागची दोन्ही चाकं एकाच गतीने फिरतात आणि गाडी वळायला नाखूश होते, सरळ पुढे ढकलत नेते. तुमच्या गाडीची रचना वेगळी आहे, पण हे वाचणाऱ्यांत तसे लोक असतील.

रुंदी वाढली की तीच स्प्रिंग चाकाला थोडी मऊ लागू शकते.  म्हणून स्पेसरनंतर वरचं एक-तृतीयांशचं माप पुन्हा घ्यायचंच. लांब आर्मचं किट घेणाऱ्यांनाही हेच लागू, उलट जास्त, आणि त्यांना टाय रॉड आणि ड्राइव्ह शाफ्टही लांब लागतात. बागेच्या कामाला तो खर्च मी सुचवणार नाही.

स्पेसर घेताना गाडीचा पॅटर्न, म्हणजे बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, बघा. चार बोल्टचे ११० आणि १५६ मिमी असे दोन पॅटर्न जास्त दिसतात, आणि एकाचा स्पेसर दुसऱ्यात ओढूनताणून बसवायचा नसतो. मधलं भोक हबच्या उंचवट्यावर तंतोतंत बसणारं असावं, म्हणजे भार हबवर जातो, स्टडवर नाही. ६०६१-टी६ ॲल्युमिनियमचे, स्टड दाबून बसवलेले. ओतीव कामाचे नकोत. हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा, नट टॉर्क पान्यानेच, तिरक्या क्रमाने आवळा. हवेच्या गनने नाही.

पहिल्या दहा तासांच्या कामानंतर चाकं काढून आतले नट पुन्हा तपासा. स्पेसरचे आतले नट चाकामागे लपलेले असतात, त्यामुळे ढिले झाले तरी दिसत नाहीत. त्यानंतर दर पन्नास तासांनी, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला. त्याच वेळी चाक हलवून बेअरिंगचा प्ले बघायचा.

आणि त्या मुलाला दोन गोष्टी सांगा. आपल्याकडे सगळे मोटरसायकलवर शिकलेले, त्यामुळे गाडी झुकली की पाय आपोआप खाली जातो. एटीव्हीत तो मागच्या चाकाखाली येतो. पाय फूटरेस्टवरच, आणि आडव्या उतारावर बूड सीटवरून उचलून वरच्या बाजूला सरकायचं. ८० किलोचा माणूस २०० मिमी वर सरकला तर ४०० किलोच्या एकूण गाडीचा मध्य ४० मिमी सरकतो. २५ चे स्पेसर तो २५ मिमी देतात. हेल्मेट घातलेलं असावं, मागे दुसरा माणूस कधीच नाही, आणि गाडी उचलली गेली ती गोट्यांची जागा पाऊस सुरू व्हायच्या आत पहारीने मोकळी करून घ्या.